नकाशा ठीक, पण नार्बुत कुठे गेला?

युक्रेनियन डिझाइनवरचा तुमचा लेख आवडला, २०२१ च्या युरो कपमधल्या युक्रेनच्या जर्सीचा किस्सा तर भारीच. छातीवर देशाची बाह्यरेषा, त्यात रशियाने २०१४ ला बळकावलेल्या क्रिमियासकट, आणि त्यावरून रशियाचा जळफळाट. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, नकाशा चालवून घेतला पण कॉलरच्या आतली 'वीरांचा जयजयकार' ही ओळ काढायला सांगितली, म्हणजे दिसतं ते चालतं आणि आतलं चालत नाही, गंमतच आहे.

पण ग्राफिक कलाकार हेओरही नार्बुतचं नावच नाही लेखात? त्याच्याशिवाय युक्रेनियन डिझाइनवर कसं काय लिहिता राव! १९१७ ला नवं प्रजासत्ताक झालं तेव्हा पहिली १०० कार्बोव्हानेत्सची नोट ह्याने डिझाइन केली, त्यात त्रिशूळ (आज युक्रेनचं राजचिन्ह आहे तोच) आणला आणि किंमत युक्रेनियन, रशियन, पोलिश, यिद्दिश अशा चार भाषांत छापली. देश अजून धड उभा नाही आणि नोटेवर सगळ्यांना जागा, हे मला कुठल्याही नकाशापेक्षा मोठं वाटतं. बिचारा १९२० मध्ये ३४ व्या वर्षीच गेला.

आणि हो, १६४८ चा बोप्लांचा युक्रेनचा नकाशाही बघा, फ्रेंच इंजिनिअरने पोलंडच्या राजाच्या नोकरीत काढलेला, त्यात दक्षिण वर आहे, आधी मी फोनच उलटा धरला 😄