सहा अँटेनांचा राऊटर आणि आतली बेडरूम

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या गटांवर वाय-फाय राऊटरच्या निवडीसंबंधी एक संदेश वारंवार फिरतो आहे. त्यातील सल्ला थोडक्यात असा: जितके अँटेना अधिक तितकी रेंज अधिक, खोक्यावरचा आकडा जितका मोठा तितका वेग मोठा, राऊटर ज्या दोन वारंवारता-पट्ट्यांवर बोलतो त्यांतला २.४ गिगाहर्ट्झ आता जुना झाला, तेव्हा तो बंद करून फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू ठेवा. आणि एवढे करूनही एखाद्या खोलीत रेंज येत नसेल तर त्या खोलीत एक्स्टेंडर, म्हणजे राऊटरचे संदेश ऐकून पुढे पाठवणारे छोटे उपकरण, लावा. चारही विधानांत सत्याचा थोडाथोडा अंश आहे, आणि म्हणूनच तो संदेश पटतो. परंतु त्याच्या भरवशावर सात-आठ हजारांचा राऊटर आणूनही ज्यांच्या आतल्या बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल तुटतच राहिला, अशी माणसे माझ्या परिचयात आहेत, आणि काही वर्षांपूर्वी त्यांत मीही होतो.

प्रथम अँटेनांविषयी. अँटेना शक्ती निर्माण करत नाही. राऊटरने दिलेली शक्ती कोणत्या दिशेला किती जावी, एवढेच तो ठरवतो. उभ्या अँटेनाभोवती लहरी कशा पसरतात हे डोळ्यांसमोर आणायचे तर मेदूवडा आठवावा: अँटेनाची दांडी मधल्या भोकात, आणि लहरी तिच्या सभोवार आडव्या. ज्या अँटेनावर ‘५ डीबीआय’ (शक्ती एका दिशेला किती एकवटते याचे माप) असे लिहिलेले असते तो हा वडा अधिक चपटा करतो, म्हणजे बाजूंना पोच वाढते आणि वर-खाली ती कमी होते. रो-हाउसच्या तळमजल्यावर ठेवलेल्या राऊटरच्या सगळ्या दांड्या ताठ उभ्या केल्या, तर नेमक्या वरच्या खोलीला सर्वांत कमी वाटा मिळतो तो यामुळेच. तिथे एक-दोन दांड्या आडव्या करून पाहणे हा फुकटातला उपाय आहे. शिवाय एकूण प्रक्षेपित शक्तीवर सरकारी मर्यादा आहे, भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विनापरवाना उपकरणांसाठी ती ४ वॅट असून, तीत अँटेनाने एका दिशेला एकवटलेली शक्तीही धरलेली असते. दोन अँटेना असोत की सहा, ही मर्यादा बदलत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की वाय-फाय हे दुतर्फी संभाषण आहे. राऊटर कितीही मोठ्याने बोलला तरी त्याला उत्तर द्यायचे असते ते आपल्या फोनला, आणि फोनचा प्रक्षेपक बॅटरीवर चालणारा, आकाराने लहान व शक्तीने दुबळा असतो. फोनवर दिसणाऱ्या रेघा फक्त एवढेच सांगतात, की राऊटरचे बोलणे फोनला किती स्पष्ट ऐकू येते. फोनचे बोलणे राऊटरपर्यंत कितपत पोचते हे त्या सांगत नाहीत. रेघा भरलेल्या असतानाही समोरचा ‘तुझा आवाज तुटतोय’ असे म्हणतो, त्यामागे अनेकदा हे कारण असते. येथे संदेशाच्या बाजूचा मुद्दाही मान्य करायला हवा: राऊटरकडे संदेश ग्रहण करणाऱ्या खरोखर चार स्वतंत्र साखळ्या (म्हणजे अँटेना आणि तिच्यामागचे रेडिओ-सर्किट) असतील, तर दुबळ्या फोनचा क्षीण संदेश तो दोन साखळ्यांच्या राऊटरपेक्षा चांगला टिपतो. पण बाहेर दिसणाऱ्या दांड्या मोजून हे कळत नाही, कारण अनेकदा त्यांतील काही एका पट्ट्यासाठी व काही दुसऱ्या पट्ट्यासाठी वाटून दिलेल्या असतात. म्हणून माहितीपत्रकात प्रत्येक पट्ट्यापुढे ‘२×२’ (पाठवणाऱ्या दोन, ऐकणाऱ्या दोन साखळ्या) लिहिले आहे की ‘४×४’ हे पाहावे, आणि दांड्यांची शोभा दुकानातच सोडावी.

रेंजचा खरा शत्रू भिंत आहे. डेसिबलच्या हिशेबात ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी आणि १० डेसिबल घट म्हणजे ती एक दशांश. सळयांनी भरलेली काँक्रीटची एक जाड भिंत सहज १० डेसिबल किंवा त्याहून अधिक खाते. विटांची अर्ध्या फुटाची भिंत तुलनेने दयाळू असते. आरशाचे कपाट, लोखंडी कपाट, फ्रिज आणि भरलेली पाण्याची टाकी यांतले काहीही मध्ये आले की हिशेब आणखी बिघडतो. असे असताना आपल्याकडे राऊटर कुठे लागतो? फायबरची तार जिथून घरात शिरते तिथे, म्हणजे बहुधा दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे, घराच्या एका टोकाला. तोच राऊटर पॅसेजमध्ये, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर आणल्याने जो फरक पडतो, तो चार जादा अँटेनांनी क्वचितच पडतो.

खोक्यावरचा आकडा ही तर बेरीज आहे. ‘एसी१२००’ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ मेगाबिट मिळवून जवळच्या शेकड्यात मांडलेली संख्या. ‘एएक्स३०००’ म्हणजे ५७४ अधिक २४०२. एक फोन साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या वाट्याला येत नाही. त्यातही २४०२ हा आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीवरचा (पट्ट्यातल्या एका चॅनेलवरचा) आहे. दोन अँटेनांचा वाय-फाय ६ फोन नेहमीच्या ८० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त १२०१ने जोडला जातो, आणि नियंत्रणाचे संदेश, वाट पाहणे व पुन्हा पाठवणे यांत त्यातला मोठा हिस्सा जाऊन प्रत्यक्ष वेग त्याहून बराच खाली राहतो.

या आकड्याच्या झगमगाटात एक गोष्ट झाकली जाते, आणि माझ्या मते खरेदीच्या वेळी सर्वांत आधी तीच तपासावी. बाजारातील अनेक स्वस्त ‘एसी१२००’ राऊटरांचे वायरचे पोर्ट केवळ १०० मेगाबिटचे असतात. घरी २०० किंवा ३०० मेगाबिटचा प्लॅन असला, तरी अशा राऊटरमधून चाचणीत ९४-९५च्या पुढे काही येत नाही, आणि ग्राहक बिचारा इंटरनेट देणाऱ्याशी भांडत बसतो. माहितीपत्रकात वॅन (इंटरनेटची तार आत येते तो) आणि लॅन (घरातल्या उपकरणांचा) या दोन्ही पोर्टांपुढे ‘१०/१००/१०००’ असे लिहिलेले असावे. शेवटचा हजार नसेल तर खोके परत ठेवावे.

२.४ गिगाहर्ट्झ बंद करण्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन, म्हणजे १, ६ आणि ११. दाट वस्तीच्या इमारतीत शेजारपाजारची वीस-पंचवीस नेटवर्क त्यांत दाटीवाटीने बसलेली असतात, आणि मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच गोंगाट करते. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा कितीतरी मोकळी आहे, विशेषतः २०१८च्या अधिसूचनेने भारतात या पट्ट्याचे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना झाल्यापासून. मात्र वारंवारता दुप्पट झाली की मोकळ्या हवेतसुद्धा तितक्याच अंतरावर तशाच अँटेनाला मिळणारी शक्ती चतुर्थांशावर येते, आणि भिंतीतली घट त्याहून वेगळी. म्हणून टीव्ही, लॅपटॉप व जवळचे फोन ५वर ठेवावेत, आणि २.४ हे २० मेगाहर्ट्झ रुंदीवर ठेवून लांबच्या खोलीसाठी चालू राहू द्यावे. बहुतेक स्वस्त स्मार्ट प्लग आणि वाय-फाय कॅमेऱ्यांना तर २.४शिवाय दुसरे काही कळतच नाही. ते बंद केल्यावर पार्किंगमधला कॅमेरा ‘बिघडतो’.

‘वाय-फाय ७ भिंती भेदते’ ही पुस्ती काही जण जोडतात. पिढी बदलल्याने लहरींचा गुणधर्म बदलत नाही; ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीत तितकीच अडते, मग ती कोणत्याही पिढीची असो.

उरला एक्स्टेंडर. रेंज नसलेल्या खोलीत तो लावणे म्हणजे स्वतःलाच ऐकू न येणाऱ्या माणसाला निरोप्या नेमणे आहे. त्याला दोन्ही टोकांच्या मधोमध, जिथे राऊटर अजून नीट ऐकू येतो तिथे, बसवावे लागते. तिथेही एकाच पट्ट्यावर काम करणारा स्वस्त एक्स्टेंडर प्रत्येक संदेश हवेत दोनदा पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. मेश संचही (एकच नेटवर्क मिळून चालवणाऱ्या दोन-तीन डब्यांचा संच) तारेविना जोडला तर हाच नियम सौम्य रूपात त्याला लागू होतो.

कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात किंवा जुन्या वाड्यात मी तरी थेट वायरच सुचवीन. कॅट-५ई प्रतीची नेटवर्कची तार १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट वाहून नेते, आणि फ्लॅटमध्ये टीव्ही किंवा टेलिफोनच्या तारेसाठी भिंतीत सोडलेला पाइप बहुधा रिकामाच असतो. फक्त विजेच्या तारांच्या पाइपातून ती नेऊ नये. तिच्या दुसऱ्या टोकाला, आतल्या खोलीजवळ, दोन अँटेनांचा साधा गिगाबिट राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे तारेने आलेले इंटरनेट फक्त वाय-फायने पसरवणारा डबा म्हणून, लावावा आणि दोन्हीकडे नेटवर्कचे नाव व पासवर्ड एकच ठेवावा. मधल्या पॅसेजमध्ये स्वतंत्र राऊटर बसवला असेल, तर फायबर देणाऱ्याने दाराशी लावलेल्या डब्याचे वाय-फाय बंद करायला विसरू नये. नाहीतर फोन त्या जुन्या, दूरच्या डब्यालाच चिकटून राहतो आणि नव्या राऊटरला उगाच नावे ठेवली जातात.