पोटमाळ्यावरचा चक्रवर्ती

राज्याभिषेकाच्या वेळी राजाने ताठ उभं राहावं अशी अपेक्षा असते. माझं घोडं तिथेच पेंड खातं. माझी राजधानी पोटमाळ्यावर आहे, आणि लालबागच्या आमच्या चाळीतल्या पोटमाळ्यावर ताठ उभं राहण्याची सोय फक्त मांजराला आहे. मी शिडी चढतो, मान खाली घालतो, गाद्यांच्या वळकटीला टेकतो, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, आणि रात्री साडेदहाला साम्राज्य स्थापन करतो. गेल्या दोन वर्षांत अशी ४१ साम्राज्यं झाली. त्यातलं एकही शंभराव्या टर्नच्या, म्हणजे डावातल्या शंभराव्या खेळीच्या, फारसं पलीकडे गेलेलं नाही.

गेम तसा म्हाताराच आहे. सिव्हिलायझेशन फोर, २००५चा. त्यावर २००७ची बियाँड द सोर्ड नावाची पुरवणी, आणि त्या पुरवणीवर काही हौशी मंडळींनी चढवलेला फॉल फ्रॉम हेवन टू नावाचा मॉड. ऑफिसातल्या एका पोराने तो मला दिला आणि स्वतः नोकरी सोडून गेला. मॉड म्हणजे काय हे बायकोला समजावताना मी म्हटलं, "बिल्डिंग जुनीच, पण भाडेकरूंनी आतल्या भिंती पाडून नवं बांधकाम केलंय."

"परवानगी घेऊन?"

"अगं, बिल्डरनेच छिन्नी-हातोडा बाहेर ठेवून दिला होता."

यावर तिचा विश्वास बसला नाही. लालबागमध्ये कुणाचाही बसला नसता.

या नव्या बांधकामात इतिहास-भूगोल काही शिल्लक नाही. रोमन नाहीत, मंगोल नाहीत. एरेबस नावाचं जग आहे. मलकार्न नावाच्या हिवाळ्याच्या देवाने ते बर्फाखाली गाडलं होतं, तो देव मेला, बर्फ वितळला आणि माणसं, बुटके, एल्फ, ऑर्क असे सगळे डोळे चोळत बाहेर आले. इथून आपण सुरुवात करायची. हे जग केल या टोपणनावाच्या माणसाने आधी मित्रांबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गोष्टी रचत खेळायचा खेळ खेळताना रचलं होतं. मग वर्षानुवर्षं खपून त्याच्या टोळक्याने मॉड जिथे आणून ठेवला त्या आवृत्तीचा आकडा आहे ०.४१. करणाऱ्यांनीच एकचा आकडा गाठला नाही, तर माझी ४१ साम्राज्यं अर्धवट राहण्यात मला तरी काही गैर वाटत नाही. बायकोला वाटतं.

खरी मेख पहिल्याच टर्नला आहे. सुरुवातीला हाताशी असतो एक सेटलर, म्हणजे गाव वसवणारा, आणि सोबतीला एक-दोन माणसं. जिथे उभे असाल तिथे गाव वसवायचं. पण माझ्यातला मुंबईकर जागा बघितल्याशिवाय पागोटं ठेवत नाही. नदी आहे का? गहू आहे का? टेकडी? समोर दलदल निघाली की मी मुकाट्याने गेम बंद करून नवा सुरू करतो. एकदा रात्री पावणेबारापर्यंत मी फक्त जागा बघत होतो. एजंटसुद्धा इतक्या जागा दाखवत नाही.

आणि तेव्हा मला आपल्या शहराचं नवल वाटतं. पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात, १६६१च्या करारात, ही बेटं इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. सात बेटं, मध्ये चिखल, वर डास. कुठल्याही शहाण्या खेळाडूने रीस्टार्ट मारला असता. राजाने तरी दुसरं काय केलं? १६६८ साली वर्षाला १० पौंड भाड्याने ती कंपनीला देऊन टाकली. कंपनीने मात्र तोच गेम पुढे चालू ठेवला. त्याचे परिणाम मी रोज सव्वाआठच्या लोकलमध्ये करी रोडला चढताना भोगतो.

असो. गाव वसलं की पुढचा मोह म्हणजे दुसरं गाव. त्यासाठी नवा सेटलर तयार करायला घ्यावा लागतो, आणि तो तयार होईपर्यंत गावाची वाढच थांबते. गावात पिकलेलं सगळं त्याच्या एकट्याच्या अंगी लागतं. आमच्याकडे एक चुलतभाऊ दुबईला निघाला होता, तेव्हा चार महिने घरात असंच वातावरण होतं. अंडं आलं की त्याला.

असा पोसलेला सेटलर वेशीबाहेर पडतो आणि त्याला लांडगा खातो. रानटी जनावरं आपल्या हद्दीत पाऊल टाकत नाहीत, हा या गेमचा मोठेपणा. आरेच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, तुमच्या गेममधल्या एखाद्या लांडग्याला आमच्या बिबट्याशी बोलायला पाठवा. पण हद्द संपली की लांडगे, अस्वलं, सिंह सगळे वाटच बघत असतात. म्हणून सेटलरसोबत शिपाई धाडायचा. शिपाई धाडला की गाव उघडं पडतं. गावात ठेवला की सेटलर जातो. दोन शिपाई करावेत तर तेवढ्या वेळात शेजारचा एल्फ तिसरं गाव वसवून मोकळा झालेला असतो, आणि त्याची हद्द माझ्या गव्हाच्या शेतापर्यंत सरकलेली असते. ती कशी सरकते हे मात्र मला कुणी शिकवायला नको. आमच्या गॅलरीत शेजारच्या काकूंनी आधी तुळस ठेवली, मग तुळशीला सोबत म्हणून कोरफड, मग कोरफडीला ऊन लागतं म्हणून पत्रा. आज आमच्या चपला आमच्याच घरात विस्थापित आहेत.

आणखी एक गोष्ट माझ्या हातून दर वेळी होते. नकाशावर जुनी थडगी, पडके किल्ले, गुहा असतात. दारात शिपाई उभा केला की आत शिरून धुंडाळायचा पर्याय येतो. आत सोनं निघतं, नाहीतर भुतं. शहाण्याने त्या वाटेला जाऊ नये, निदान पहिल्या पन्नास टर्नमध्ये. मी जातो. पोटमाळ्यावर राहणाऱ्या माणसाला बंद ट्रंक उघडल्याशिवाय राहवत नाही. ३७व्या साम्राज्याने एका थडग्यातून सांगाडे बाहेर काढले आणि ते सरळ राजधानीत राहायला आले.

यातूनही वाचलात तर ऑर्थस येतो. ऑर्थस हा रानटी ऑर्कांचा पुढारी. हातात त्याच्या नावाची कुऱ्हाड. कुणाशी तह नाही, बोलणी नाहीत. तो कुठून तरी धुक्यातून प्रकटतो, आणि तुमच्याकडे असतात चामड्याचे कपडे घातलेले दोन शिपाई, त्यातला एक थडगं उकरायला गेलेला. कुऱ्हाड मिळवायची तर त्याला मारावं लागतं, मारणाऱ्याच्या हाती ती पडते. माझ्या हाती ४१ साम्राज्यांत ती कधी पडली नाही. ऑर्क घराण्याकडून खेळलं तर रानटी टोळ्या सुरुवातीला आपल्या वाटेला जात नाहीत, म्हणून तेही करून पाहिलं. तेव्हा मला शेजाऱ्यांनी संपवलं.

पण माझी बहुतेक साम्राज्यं शत्रूने बुडवलेलीच नाहीत. ती हिशेबाने बुडाली. मी नोकरीला हिशेबखात्यात आहे, हे इथे मुद्दाम सांगायला नको होतं. प्रत्येक नव्या गावाचा खर्च असतो, आणि जितकी गावं जास्त आणि राजधानीपासून लांब, तितका तो वाढतो. चौथं गाव वसवलं की तिजोरी गळायला लागते. मी मग संशोधनाचा टक्का, म्हणजे उत्पन्नातला नव्या शोधांवरचा वाटा, कमी करतो. ८० चा ५०, ५० चा २०, शेवटी शून्य. माझी प्रजा आगीचा शोध लागल्यासारखी तिथेच बसून राहते. आणि तिजोरीही शून्यावर आली की सैन्य संप करतं. खरंच संप करतं, आणि एकेक तुकडी नाहीशी होते.

हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी वरून ओरडलो, "अरे, संप काय करता!"

खाली एकदम शांतता पसरली. मग आईचा आवाज आला. "कोणाचो संप?"

आमच्या घरात हा शब्द सहज उच्चारायचा नसतो. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाबा साच्यावर होते, मी शिशुवर्गात होतो, आणि आई याच खोलीत पंधरा गिरणी कामगारांची खानावळ चालवत होती. त्यातले अकरा वर्षभरात गावी गेले. उरलेल्या चौघांना तिने जेवू घातलं, आणि कसं, ते तिने कधी सांगितलं नाही. मी घाईघाईने शिडी उतरलो आणि हे खोटं सैन्य आहे, संगणकातलं आहे, असं समजावलं.

"मगे त्येंका पगार कित्याक नाय दिलंस?" आई म्हणाली.

त्या मे महिन्यात पोटमाळा तापून तवा झाला. लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडू लागला, म्हणून राजधानी खाली, शिलाई मशीनच्या फळीवर आणावी लागली. ४२व्या खेपेला मी खझाद घेतले. हे बुटके, डोंगरात राहणारे, आणि त्यांचा सगळा जीव तळघरातल्या सोन्यात. तिजोरी भरलेली असली की प्रजा खूश, रिकामी झाली की कुरकुर. आई लसूण सोलत बघत होती. मी फुशारकीने तिला सांगितलं की आपल्याकडे दीडशे मोहरा आहेत, आता दुसरं गाव वसवतो.

"सगळो मिळान नको सांगू," ती म्हणाली. "घरामागे कितको पडता ता सांग."

मी थबकलो. खझादांची मेख अगदी हीच आहे. गेम एकूण सोनं बघत नाही, गावांच्या संख्येने भागून बघतो. गाव वाढलं की वाटा घटतो आणि काल खूश असलेले लोक आज तोंडं पाडतात. हे मला मॉडच्या आतली पानंच्या पानं वाचून कळलं होतं. तिला पंधरा ताटांवरून कळलं.

"आज वस्ती नको," आईने निकाल दिला. "आधी डबो भर."

मी हसून दुसरा सेटलर काढायला घेतला. तेवढ्यात बायकोने घड्याळ दाखवलं, दीड वाजला होता. मी गेम सेव्ह करून झोपलो. दुसऱ्या दिवशी मार्चअखेरचं राहिलेलं काहीतरी ऑडिटमध्ये निघालं आणि घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले.

दार उघडंच होतं. शिलाई मशीनसमोर माझी मुलगी, दहावी होऊन सुट्टीवर असलेली, माऊसवर हात ठेवून बसली होती. शेजारी आई, चष्मा नाकावर. पलीकडे तुळस-कोरफडवाल्या काकू. स्क्रीनवर एकच गाव होतं. राजधानीचं नाव कुणीतरी रोमन लिपीत बदलून लालबाग केलं होतं. मी आधी टर्नचा आकडा पाहिला. १६८.

"माझा सेटलर कुठेय?"

"आजीने रद्द करायला सांगितला."

तळघर इतकं भरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. गावाभोवती लाकडी कूस. आत पाच शिपाई, सगळे जागच्या जागी बसलेले. या गेममध्ये जागा न सोडणाऱ्याला दर टर्नला ५ टक्के जास्त बळ मिळतं, २५ टक्क्यांपर्यंत. त्यात गाव टेकडीवर, त्याचा फायदा वेगळा. पागडीच्या भाडेकरूला यातलं काही शिकवावं लागत नाही.

"आणि ऑर्थस?" मी विचारलं. "कुऱ्हाडवाला?"

"इल्लो," आई म्हणाली. "मी म्हटलंय, आधी दाराक कडी घाला. मगे तो भायरसून आपटत रवलो."

मुलीने एका शिपायावर टिचकी मारली. त्याच्या हातात ती कुऱ्हाड होती. ४१ साम्राज्यांनी जिचं तोंड पाहिलं नाही ती. शिपायाचंही नाव बदललेलं होतं. मी वाकून वाचलं. बाबांचं नाव होतं.

काही वेळ मी तसाच उभा राहिलो. मग घसा साफ करून म्हटलं, "सरक जरा, आता पुढचं मी बघतो. पलीकडे ते थडगं दिसतंय ना, तिथे एकाला पाठवून..."

"बाबा, नको," मुलगी म्हणाली.

"हात लावूचो नाय," आई म्हणाली.

काकू काही बोलल्या नाहीत, पण खुर्ची दोन इंच माझ्या बाजूला सरकवून बसल्या.

बायकोने आतून पिशवी आणून माझ्या हातात दिली. "पाव संपलेत. आणि येताना अर्धा डझन अंडी. आज सगळे इथेच जेवणार आहेत."