विमा कंपनीचं मन दुखावू नका

तुमचं बोनेट टेम्पोच्या फाळक्याखाली गेलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. संध्याकाळी सातला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर हे कुणाचंही होतं. काळजी घ्यायची ती पुढची. थोड्याच दिवसांत विमा कंपनी तुम्हाला एक रक्कम सांगेल आणि ती ऐकून तुमच्या आवाजात जराही नाराजी उमटता कामा नये. मोठ्या कंपन्या मनाने फार हळव्या असतात.

तयारी रस्त्यावरच सुरू करा. टेम्पोवाला, दोन रिक्षावाले आणि कुठूनतरी उगवलेला एक जाणकार मिळून मांडवली करतील. 'पोलिसांच्या भानगडीत कशाला पडता साहेब, पाच हजार द्या आणि मोकळे व्हा.' द्या. वर 'चूक माझीच' असंही मोठ्याने म्हणा. कुणी मोबाइलवर शूट करत असेल तर त्याच्याकडे बघून म्हणा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, भरपाईचं वचन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, अशी अट पॉलिसीत असते खरी. पण ती पॉलिसी ई-मेलमध्ये गाढ झोपली आहे, तिला कशाला उठवायचं? फोटो काढू नका, टेम्पोचा नंबर लिहून घेऊ नका आणि कंपनीला निवांत आठवडाभराने कळवा. 'उशीर का झाला?' हे विचारायला त्यांना मनापासून आवडतं.

मग गॅरेजमध्ये नुकसान मोजायला सर्व्हेअर येईल. त्या वेळी तुम्ही ऑफिसात असलेलं बरं. तिथे हजर राहिलात तर गाडी खोलल्यावर रेडिएटरच्या मागे वाकलेला सपोर्ट दिसेल, तो सर्व्हेअरला दाखवावासा वाटेल, आणि त्या भल्या माणसाला आणखी एक ओळ लिहावी लागेल.

आता आकडा. समजा गाडी साडेचार वर्षांची, इंजिन बाराशे सीसीचं. बंपर १२,००० रुपये, बोनेट १५,०००, हेडलाइट ९,०००. मजुरी आणि रंग वेगळे. बंपर प्लास्टिकचा, म्हणून ५० टक्के घसारा, म्हणजे पार्ट जुना झाल्याची कपात, उरले ६,०००. हेडलाइटही प्लास्टिकमध्येच धरला, उरले ४,५००. बोनेट पत्र्याचं, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के, उरले ९,७५०. बेरीज २०,२५०. त्यातून सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात तुमच्याच खिशातून जाणारे, १,०००. म्हणजे ३६,००० चे झाले १९,२५०. नट-बोल्ट, क्लिपा, कूलंट यांचे पैसे साध्या पॉलिसीत मिळतच नाहीत. आणि क्रेनवाल्याने मागितलं ते मागितलं, टोइंगचे पॉलिसीत १,५००.

हे सगळं छापील तक्त्याप्रमाणे आहे आणि त्यावर भांडून एक रुपया वाढत नाही. म्हणून तुम्ही नेमकं यावरच भांडा. 'ही काय लूट आहे का?' म्हणा, 'ग्राहक मंचात खेचतो' म्हणा, दोन-चार इंग्रजी वाक्यं फेका. सगळा राग इथे निघाला की कंपनीच्या हिशेबाच्या दुसऱ्या पानासाठी काही शिल्लक राहत नाही, आणि गंमत दुसऱ्या पानावर असते. तिथे बदलायचं बोनेट 'रिपेअर' होऊन दोन हजारांवर आलेलं असतं. पुढच्या काचेला तक्त्यात शून्य घसारा असताना तीही प्लास्टिकच्या रांगेत उभी असते. गॅरेजच्या १४,००० मजुरीचे ८,००० झालेले असतात, का ते कुठेच लिहिलेलं नसतं. तुम्ही झिरो डेपचा, म्हणजे घसारा न कापण्याचा, जादा हप्ता भरलेला असतो, आणि हे त्या कागदाला कुणी सांगितलेलंच नसतं. यातलं प्रत्येक कलम एका ई-मेलने बदलू शकतं, म्हणून ते पान उलटू नका. सर्व्हे रिपोर्टची प्रत तर मागूच नका. मागितली की द्यावी लागते.

तसे तुम्ही लेचेपेचे नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या सफाईचे दोनशे रुपये जास्त कसे लागले यावर तुम्ही सेक्रेटरीला रात्री साडेअकरापर्यंत उभं केलेलं आहे. पण इथे समोरून एक गोड आवाज म्हणतो, 'सर, मी माझ्या लेव्हलला मॅक्झिमम करून दिलंय,' आणि आपल्याला भीड पडते. पडू द्या. पहिला आकडा त्या भिडेच्या भरवशावरच काढलेला असतो. तुम्ही 'लेखी कारण कळवा' म्हणालात तर बिचाऱ्यांचा हिशेबच कोलमडायचा.

गाडीचा पार चेंदामेंदा झाला असेल तर सौजन्याला आणखी वाव आहे. पॉलिसीवर गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, ४ लाख लिहिली असेल आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ३ लाखांवर गेला, तर गाडी 'टोटल लॉस' धरून आयडीव्ही द्यावी लागते, तीही घसारा न कापता. अशा वेळी काही एस्टिमेटं २ लाख ९० हजारांपर्यंत येतात आणि तिथेच दम टाकतात. त्यांना पुढे ढकलू नका. किंवा 'भंगार तुमच्याकडेच ठेवा, रोख एवढे घ्या' असा प्रस्ताव आला तर भंगाराची किंमत कुणी ठरवली ते विचारू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक चक्कर मारली तर जुन्या पार्टांचे भाव कळतात, म्हणून त्या बाजूला फिरकूही नका.

शेवटी एक कागद येईल: 'पूर्ण व अंतिम समझोता'. सही करा. 'हरकत राखून स्वीकारले' असे तीन शब्द वर लिहिले तर आकाश कोसळत नाही, पण कागद घाण होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच म्हणून ठेवलं आहे की अशी पावती फसवून किंवा दबावाखाली घेतली असेल तर नुसत्या सहीने ग्राहकाचा हक्क बुडत नाही. पण ते सिद्ध करायला कागदपत्रं लागतात, आणि तुम्ही तर सगळं फोनवरच बोललात. उत्तम केलंत.

हे झालं पत्र्याचं. माणसाला लागलं असेल तर घाई दुप्पट करा. तुमचा धाकटा भाऊ, वय ३२, बाइकवरून घरोघरी पार्सलं पोचवतो, महिना २०,००० कमावतो. एका कारने त्याला उडवलं, पायात रॉड पडला. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर कारच्या विमा कंपनीचा अधिकारी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे ३० दिवसांत तडजोडीची रक्कम मांडू शकतो. समजा त्याने एक लाख मांडले. घेऊन टाका! रॉड काढायचं ऑपरेशन पुढे व्हायचं आहे, पाय किती वळेल हे डॉक्टरांनाही अजून ठाऊक नाही, पण एक लाख आज हातात आहेत. एकदा संमती नोंदवली की दावा तिथेच मिटतो. मनाला केवढी शांती.

गुणाकार मात्र करू नका. सरला वर्मा खटल्यात २००९ मध्ये न्यायालयाने वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाची कमाई कितीने गुणायची ते आकडे, ठरवून दिले. ३१ ते ३५ वयाला १६. वर्षाचे २,४०,००० गुणिले १६. कमावण्याची ताकद १० टक्के कमी झाली असं ठरलं तरी ३,८४,००० होतात. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र कमावणाऱ्याला भविष्यातल्या कमाईपोटी ४० टक्के वाढ धरली की आकडा ५,३७,६०० वर जातो. औषधं, वेदना, घरी बसलेले महिने यांचं वेगळंच. असा हिशेब पाहिला की एक लाख घशाखाली उतरत नाहीत, म्हणून तो पाहू नये. आणि तडजोड पटली नाहीच, तर दाव्याचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. १ एप्रिल २०२२ पासून तशी मुदत आहे. तेव्हा 'आधी तो बरा होऊ दे, मग बघू' हे घरातल्या वडीलधाऱ्यांचं वाक्य सातव्या महिन्यापर्यंत प्रेमाने ऐका.

राहता राहिलं विमा लोकपालाचं कार्यालय. सांताक्रूझ पश्चिमेला, एस. व्ही. रोडवर, जीवन सेवा अ‍ॅनेक्समध्ये. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीवरचा दावा कंपनीने नाकारला किंवा कापला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर वाट पाहायची, आणि वर्षाच्या आत इथे यायचं. फी नाही. वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर तुम्ही पुढे ग्राहक आयोगात जायला मोकळे. इतक्या एकतर्फी ठिकाणी सभ्य माणसाने पाऊल ठेवू नये. ओळखीतलं कुणी तिथून कापलेले पैसे वसूल करून आलं असेल, तर त्यांच्याकडचे पेढे जरूर खा, पण अर्ज कसा केला ते विचारू नका. हौसेने सांगत बसतील.