‘रंग फासता’ म्हणालात, म्हणून हे लांबलचक उत्तर

‘जुना ठाणेकर’ काका,
(सत्तरच्या दशकातली कोपरीची खाडी आठवते असं लिहिलंयत, म्हणून काका म्हणते.)

तुमचं म्हणणं असं, की शास्त्रज्ञ चिखलात उतरतात आणि मी त्यांच्या आकड्यांना रंग फासून प्रदर्शन भरवते. ठाणे खाडीला त्याचा उपयोग शून्य. वर शेवटी चित्रांच्या पैशांवरून टोमणा.

अर्धं मान्य. गेल्या वर्षीची रोहित पक्ष्यांची गुलाबी मांडणी ही निव्वळ सजावट होती. लोकांनी तिच्यापुढे सेल्फी काढले, मलाही तेव्हा बरंच वाटलं.

तिवरांच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांच्या, चित्रांचं मात्र तसं नाही. वनखात्याच्या परवानगीने, ओहोटीला ऐरोलीच्या बाजूला मीटरभर लांबीरुंदीची चौकट चिखलावर ठेवायची आणि आत दिसेल ते सगळं काढायचं: श्वसनमुळं, चिंबोऱ्यांची बिळं, निवट्या (चिखलावर उड्या मारणारे मासे, त्या मेल्या एका जागी बसतील तर शपथ!). चौकट कुठे पडणार हे वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापिका ठरवतात. मला आवडलेला कोपरा निवडायची मुभा नाही. पहिल्या खेपेला मी तिवराची मुळं घरी बसून जरा जाड, शंकूसारखी केली, कागदावर ती उठून दिसत होती म्हणून. मॅडम म्हणाल्या, “ही चिपीची झाली. तिवराची पेन्सिलीएवढी बारीक असतात.” चिपी म्हणजे खारफुटीतलंच दुसरं झाड. दोन आठवड्यांचं काम बाद. काका, नुसता रंग फासणाऱ्याला कोणी ‘चूक’ म्हणत नाही, फार तर ‘आवडलं नाही’ म्हणतात.

उपयोगाचं विचारलंत, तर मेल चिन या अमेरिकी कलाकाराचं काम बघा. काही झाडं जमिनीतले जड धातू शोषून घेतात, त्यांच्याकडून विषारी माती साफ करून घेता येईल, हे रूफस चेनी हे कृषिशास्त्रज्ञ आधीपासून सांगत होते. प्रत्यक्ष जमिनीवरच्या चाचणीला पाठबळ मिळत नव्हतं. चिननी ती चाचणीच कलाकृती म्हणून मांडली. कलेसाठीचं सरकारी अनुदान आधी नाकारलं गेलं, मग भांडून मिळवलं, आणि १९९१ मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या एका कचराभूमीवर लागवड झाली. आतल्या वर्तुळात झाडं, भोवतालचा चौकोन तुलनेसाठी मोकळा. म्हणजे आकृती सुंदर होती ती प्रयोगाच्या गरजेतून. एका जातीच्या झाडांनी कॅडमियम खरंच ओढून घेतलं.

माझ्या चित्रांनी असलं काही केलेलं नाही. खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, त्यातही माझा काडीचा हात नाही. मॅडमना वर्षावर्षाची तुलना करायला माझ्या चौकटी चालतात, एवढंच. फोटोत चिखलाच्या चकाकीत बारीक बिळं हरवतात, असं त्या म्हणतात.

आता पैसे. चित्रं विकते. मॅडमना वाटा देऊ केला, त्यांनी घेतला नाही. नाव मात्र हक्काने लावून घेतलं आणि दोन चित्रांवरून काढायलाही लावलं, कारण त्यांत माप चुकलं होतं. त्यातलं एक मी तरीही विकलं, त्यांचं नाव वगळून. टोमणा तिथे मारलात तर माझ्याकडे उत्तर नाही.