बेड नंबर सातचे नातेवाईक कोण?

नाना घरी येऊन चार महिने झाले. मळ्यात चक्कर मारतात, चहात साखर कमी पडली की आईवर डाफरतात. म्हणजे ठणठणीत. बिघडलोय मी. फोन वाजला की पोटात गोळा येतो. रात्री दोनला जाग येते, कारण त्याच सुमाराला सांगलीतल्या त्या दवाखान्यात सिस्टर आयसीयूचं दार उघडून ओरडली होती, "बेड नंबर सातचे नातेवाईक कोण?"

अकरा दिवस त्या दाराबाहेर काढले. चटई, पाण्याची बाटली, बिलांची पिशवी. शेजारी अथणीकडची एक बाई. तिचं मराठी तोडकं, माझं कानडी त्याहून. तरी एकमेकांच्या पिशव्या राखल्या. संध्याकाळी पाहुण्यांचे फोन, "कसं हाय आता?" चाळीस जणांना तेच उत्तर. गावाकडं आईला मात्र सांगायचो, "आज दोन घास खाल्ले." नानांच्या नाकात नळी होती. एकदा डोळे भरले तर चुलते म्हणाले, "बापय माणसानं असं करायचं न्हाई."

उपचारांबद्दल तक्रार नाही. पण सह्या ढीगभर घेतल्या आणि समजावून सांगितलं एकदाच. सातव्या दिवशी एक शिकाऊ डॉक्टर पोरगी शेजारच्या स्टीलच्या खुर्चीत बसली. "नळीचा त्रास होऊ नये म्हणून औषधानं झोपवलंय त्यांना. अजून काय विचारायचंय?" मला काही सुचेना. पण त्या रात्री झोप लागली.

माझ्या या दुखण्याला नाव आहे, 'पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम – फॅमिली', म्हणजे आयसीयूतल्या पेशंटच्या घरच्यांना होणारा मनाचा त्रास, हे फार उशिरा कळलं. फ्रान्समध्ये 22 आयसीयूंत वाचण्याची आशा नसलेल्या पेशंटच्या घरच्यांवर एक प्रयोग झाला, तो 2007 ला छापून आला. डॉक्टरांनी नेहमीच्या 20 मिनिटांऐवजी साधारण 30 मिनिटं दिली, एक पुस्तिका दिली. घरच्यांना बोलायला 5 च्या जागी 14 मिनिटं मिळाली. तीन महिन्यांनी त्या लोकांत घबराट, नैराश्य, जुनी भीती परत परत आठवणं, सगळंच कमी. डॉक्टरांना वेळ नसतो हे मान्य. पण हिशोब दहा मिनिटांचा आहे! आणि त्यातही जास्त करून गप्प बसून ऐकायचं.

मी शेवटी 14416 ला फोन लावला. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. फुकट, मराठीत बोलतात. रात्रीही.

परवा आईला खरं सांगून टाकलं, दोन घास वगैरे काही नव्हतं.

"ठावं हुतं रं," ती म्हणाली. "मी तरी कुठं जेवत हुते? तुला आपली जेवले म्हणून सांगायची."