जर्मनीला निघालात? आधी जर्मन शिका, बॅगेचं नंतर बघू

मी जर्मनीत नोकरी करते, त्यामुळे मे-जून आला की माझ्या इनबॉक्समध्ये मार्कशीटांचा पाऊस सुरू होतो. सांगली, नाशिक, जळगाव, लातूर. कुणी मावसबहिणीच्या मैत्रिणीचा भाऊ, कुणी आईच्या भिशीतल्या काकूंची मुलगी. प्रश्न ठरलेले. "ताई, ७.८ सीजीपीएवर म्युनिक मिळेल का?" "आयईएलटीएस साडेसहा चालेल का?" "तिकडे शिक्षण फुकट आहे ना?" मी विचारते, जर्मन किती येतं? त्यावर हमखास उत्तर: "कोर्स इंग्लिशमधून आहे ताई."

त्या उत्तरावर मला बोलायचंय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी 'फुकट'चं उरकते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, हे खरं. सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क तेवढं भरायचं. पण बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग या पट्ट्यात, युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. टीयू म्युनिक या तिथल्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली आणि मास्टर्सला ती सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो आहे. अजूनही "म्युनिक फुकट" असं सांगणारे व्हिडिओ फिरतायत, ते जुने आहेत. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ठेवावे लागतात. आजच्या दराने बारा लाखांच्या पुढे. ते पैसे तुमचेच असतात, दर महिन्याला ९९२ युरो हातात येतात. त्यातले सुमारे दीडशे आरोग्य विम्याला जातात. म्युनिकमध्ये खोलीचं भाडं भरलं की उरलेल्यात महिना ढकलायचा. केम्निट्झ, माग्डेबुर्ग, इल्मेनाऊ अशा पूर्वेकडच्या गावांत त्याच पैशांत बऱ्यापैकी राहता येतं. पण ही नावं इन्स्टावर चमकत नाहीत, म्हणून कुणी विचारत नाही.

कागदपत्रांना कन्सल्टंट लागत नाही. एपीएसचं, म्हणजे आपली मार्कशीट-पदवी खरी असल्याचं, प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. अर्ज ऑनलाइन करायचा, फी १८,००० रुपये. युनी-असिस्टला, म्हणजे विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या संस्थेला, पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाचे ३०. कोर्स शोधायला डाडची (DAAD, जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था) वेबसाइट आहे, तिथे भाषा, फी, मुदत सगळं दिलेलं असतं. इंजिनिअरिंग पास झालेल्या पोराला हे जमत नसेल तर इथे येऊन त्याचं कठीण आहे.

बरं, कन्सल्टंट फुकटात सल्ला देतो तेव्हा त्याचं पोट कशावर चालतं, हेही विचारत जा. खासगी कॉलेजं प्रवेशामागे कमिशन देतात. सरकारी विद्यापीठात पाठवून त्याच्या हाती काही पडत नाही. म्हणून तुमची फाइल बघता बघता बर्लिनच्या कुठल्याशा बिझनेस स्कूलकडे वळते. २०२५ मध्ये तिथल्या एका खासगी विद्यापीठातल्या बऱ्याच भारतीय मुलांना, कोर्स मुख्यतः ऑनलाइन आहे म्हणून, देश सोडायच्या नोटिसा आल्या होत्या. कर्ज काढलं होतं पोरांनी.

आता भाषा.

वर्गात इंग्लिश चालतं. वर्गाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की संपलं. महापालिकेत पत्ता नोंदवायचा तर जर्मन, परदेशी नागरिकांच्या कार्यालयात परमिट वाढवायचं तर जर्मन, दाढ दुखली तर दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या बाई जर्मन. आणि इथला कारभार अजून टपालावर चालतो. दोन वर्षांपूर्वी जळगावकडचा एक मुलगा आमच्याकडे गणपतीत जेवायला आला. जेवण झाल्यावर त्याने सॅकमधून पत्रांचा गठ्ठा काढला. "ताई, जरा बघता का?" त्यातली निम्मी फोडलेलीच नव्हती. मी ओट्यापाशी उभी राहून एकेक फोडलं. विमा कंपनीचं पत्र, हप्ता थकल्याचं. मग रेडिओ-टीव्ही वर्गणीच्या तीन स्मरणपत्रांचा क्रम, शेवटचं सगळ्यात जाड. ही वर्गणी घरामागे महिना १८.३६ युरो असते, टीव्ही असो वा नसो. माणशी नसते, घरामागे असते. त्याच्या फ्लॅटमधला दुसरा मुलगा ती भरतच होता. म्हणजे याने त्याचा वर्गणी क्रमांक कळवणारी दोन ओळींची चिठ्ठी पाठवली असती तर प्रकरण पहिल्या पत्रावरच मिटलं असतं. तळाशी एक पिवळा लिफाफा होता, वर पोस्टमनने तारीख लिहिलेला. पिवळा लिफाफा म्हणजे सरकारी बजावणी, त्या तारखेपासून मुदत धावायला लागते. पोरगा हुशार, गेटमध्ये चांगला स्कोअर. त्याला वाटलं जाहिराती असतील.

नोकरीचं तर विचारूच नका. मी स्टुटगार्टजवळ गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. आमच्या टीममध्ये वेर्कश्टुडंटची, म्हणजे शिकता शिकता कामाची, जागा निघाली की ढिगाने अर्ज येतात, त्यात आपली मुलं भरपूर. सीव्हीवर पायथन, मॅटलॅब सगळं असतं, आणि खाली 'जर्मन: ए१', म्हणजे सगळ्यात खालची पायरी; त्यावर ए२, बी१, बी२ अशा चढत जातात. ते अर्ज पहिल्या चाळणीतच बाजूला जातात. कोडिंग इंग्लिशमध्ये होतं हो, पण टेस्ट बेंचवरच्या मेकॅनिकशी कोण बोलणार? तो तर श्वाबियन, म्हणजे इथली बोली, बोलतो, ती मला दहा वर्षांनीही अर्धीच कळते. आणि दिवसही बदललेत. फोक्सवागनने २०३० पर्यंत ३५,००० नोकऱ्या कमी करायचं ठरवलंय, बॉशमध्येही कपात चालू आहे. माणसं कमी पडत होती तेव्हा मोडक्या जर्मनवर भागलं. आता त्याच जागेला इथलीच माणसं रांगेत आहेत. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. त्यातले आठ-दहा जर्मन शिकण्यात घालवायचे असतील तर तो हिशेब आत्ताच मांडा.

शिकता शिकता वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. आकडा मोठा वाटतो आणि मुलं गोदामात रात्रपाळी धरतात. मग सकाळच्या लेक्चरला डुलक्या. इथे बहुतेक विद्यापीठांत एखाद्या विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा गेला की प्रवेश रद्द, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. आपल्याकडच्या केटीसारखं "पुढच्या वर्षी काढू" इथे नाही. त्यापेक्षा प्राध्यापकाकडे हीवीचं, म्हणजे विद्यार्थी सहायकाचं, काम मागा, पैसे थोडे पण कॅम्पसवर, परीक्षेच्या काळात सांभाळून घेतात. डॉइचलांडस्टिपेंडियम ही शिष्यवृत्तीही बघा, महिना ३०० युरो, परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळते. आपली मुलं अर्जच करत नाहीत.

घरच्या शिष्यवृत्त्यांकडेही काणाडोळा होतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची आहे, इतर प्रवर्गांच्याही आहेत. यात विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते आणि तिथेच जर्मनीवाले अडकतात, कारण इथली कितीतरी चांगली तांत्रिक विद्यापीठं त्या क्रमवारीत खाली दिसतात. म्हणून त्या वर्षीची जाहिरात आधी वाचा, मग विद्यापीठांची यादी करा. बहुतेक जण उलटं करतात. शाहू शिष्यवृत्तीच्या ७५ जागा आहेत, स्पर्धा आहे, पण भरून बघायला काय जातं?

कर्ज काढून जायला लाज वाटते असं एका मुलीने लिहिलं होतं. अगं, इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या तेव्हा सासऱ्यांचा, साक्षात महर्षी कर्व्यांचा, विरोध होता. जीवराज मेहतांनी कर्ज दिलं तेव्हा जाणं झालं. बाईंनी प्रबंध जर्मन भाषेत लिहिला आणि निष्कर्ष काढला तो आपल्याच प्राध्यापकाच्या सिद्धान्ताविरुद्ध! माझ्या इनबॉक्समधल्या लोकांकडून मी बी१ एवढंच मागतेय.

आणि ते शिकायला पुण्यासारखी जागा नाही. बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, शिवाय गल्लोगल्ली क्लास. गावाकडे असाल तर ऑनलाइन आहेच. तिसऱ्या वर्षाला सुरुवात केली तर नोकरी-कॉलेज सांभाळून निघेपर्यंत बी१ होतं. इथे आल्यावर शिकू म्हणणारे पहिल्या सत्रात घर शोधत असतात, दुसऱ्यात परीक्षा, तिसऱ्यात इंटर्नशिप. घराचं निघालंच म्हणून सांगते: विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच टाका. आणि "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल" असं म्हणणारा घरमालक शंभर टक्के चोर आहे, फोटो कितीही सुंदर असोत.

पालकांना एक वेगळं सांगायचंय. पोरगं रात्री व्हिडिओ कॉलवर "सगळं ठीक" म्हणतं तेव्हा "जेवलास का" च्या जोडीला "टपाल बघितलंस का" हेही विचारा. हसतील, पण विचारा.

काही जण कमेंटमध्ये म्हणतील की मी घाबरवतेय. माझ्याच ऑफिसात कोल्हापूरची एक मुलगी आहे, सीजीपीए सातच्या आत-बाहेर, नाव नसलेल्या विद्यापीठातून मास्टर्स. येताना बी२ करून आली. तिसऱ्या सत्रात वेर्कश्टुडंट झाली, थीसिस आमच्याकडेच केला, आता कायम आहे. कॅन्टीनमध्ये त्या श्वाबियन मेकॅनिकला ती उलट उत्तरं देते.

इनबॉक्स उघडा आहे. पाठवताना मार्कशीट, कोर्सची लिंक, बजेट आणि जर्मनची पातळी एकाच मेसेजमध्ये लिहा. नुसतं "हाय ताई" लिहिणाऱ्यांना उत्तर मिळणार नाही. जर्मन शून्य असेल तर आधी क्लासची पावती पाठवा, म्युनिकचं त्यानंतर बोलू.