सात दिवसांत कुत्रं अंगणाबाहेर पाय टाकणार नाही म्हणे!

कोल्हापुरातल्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडंही आला असेल. मथळा असा की "सात दिवसांत कुत्रं अंगणाबाहेर पाऊल टाकणार नाही, शंभर टक्के गॅरंटी". आणि खाली उपाय: सात दिवस साखळीला बांधून ठेवा म्हणजे जागा ओळखीची होते, हद्दीवर फिनाईल, डांबरगोळ्या नाहीतर मिरचीपूड टाका, बाहेर जाऊन आलं की चांगलं बडवा, नराची नसबंदी करू नका नाहीतर राखण करत नाही, देशी कुत्र्याच्या मागं वेळ घालवू नका, आणि एवढं करूनही ऐकलं नाही तर ऑनलाइन करंटचा पट्टा मागवा. वाचून हसू आलं असतं, पण खाली चार जणांनी "धन्यवाद दादा, उद्यापासूनच" असं लिहिलेलं, म्हणून हे सगळं टायपायला बसलोय.

साखळीपासून सुरू करतो. सात दिवस बांधलेलं कुत्रं फक्त साखळी किती लांब आहे एवढंच शिकतं, हद्द कुठं आहे ते नाही. पोराला आठवडाभर बाकाला बांधलं म्हणून त्याला पाढे येणार आहेत का? उलट बांधून बांधून ते पिसाळल्यासारखं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकून घसा फोडतं आणि आठव्या दिवशी सोडलं की पहिली धाव गेटच्या बाहेर. बरं, हे कायद्यातही बसत नाही. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये आखूड नाहीतर जड साखळीनं फार वेळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायलाच न नेणं हे दोन्ही गुन्हे म्हणून लिहिलेत. दंड अजून पहिल्या वेळी १० ते ५० रुपये एवढाच आहे, तेवढ्यात धड मिसळ पण येत नाही, पण गुन्हा तो गुन्हाच.

फिनाईल-डांबरगोळ्यांचं तर लिहायलाच नको, पण लिहितो. डांबरगोळी कुत्र्यानं खाल्ली तर विषबाधा होते, फिनाईल पायाला लागतं आणि कुत्रं पाय चाटतं, मिरची डोळ्यात-नाकात जाते. आणि एक पाऊस पडला की सगळं धुऊन गटारीत. कोल्हापूरचा पाऊस माहितीय ना?

आता मारण्याचं, कारण हे घराघरात चालतं आणि सगळ्यात जास्त नुकसान यानंच होतं. कुत्रं गल्लीभर हिंडून अर्ध्या तासानं परत येतं आणि आपण चप्पल काढतो. त्याच्या डोक्यात "मी अर्ध्या तासापूर्वी बाहेर गेलो म्हणून मार" असं काही जुळत नाही, बक्षीस काय आणि मार काय, त्याचा संबंध ते आत्ता या क्षणाला जे करतंय त्याच्याशीच लावतं, आणि या क्षणाला ते काय करत होतं, तर तुमच्याकडं परत येत होतं! म्हणजे तुम्ही परत येण्याबद्दल मारलं. असं दोन-चारदा झालं की हाक मारली तरी ते हाताला लागत नाही, लांबूनच शेपूट घालून बघत बसतं, आणि मग आपणच म्हणायचं की कुत्रं हट्टी आहे.

नसबंदीचा मुद्दा उलटाच आहे राव. माजावर आलेल्या मादीचा वास नराला लांबून लागतो, मग दोन-दोन दिवस घरी न येणं, दुसऱ्या कुत्र्यांशी भांडणं, कान फाडून येणं, हे सगळं त्यातून येतं. नसबंदीनं हे भटकणं बऱ्याच नरांचं कमी होतं. ससा, मांजर, मोटरसायकल यांच्या मागं धावणं त्यानं कमी होत नाही, ती अपेक्षा ठेवू नका. अनोळखी माणूस आला की भुंकणं मात्र तसंच राहतं, राखण काय त्या दोन गोळ्यांत नसते. मादी असेल तर ती साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, तेव्हा जवळपास तीन आठवडे कितीही शिकवलेलं असू दे, गेट बंदच.

देशी कुत्रं शिकत नाही म्हणणाऱ्याला तर कोपरापासून नमस्कार. आपल्याकडं शिवारात कारवानी नावाचं देशी शिकारी कुत्रं पाळतात, त्याच जातीचं मुधोळ हाउंड. मुधोळ कुठं, तर बागलकोट जिल्ह्यात, आपल्यापासून काही लांब नाही. त्याचं २००५ साली टपाल तिकीट निघालं आणि मेरठच्या आरव्हीसी सेंटरला, म्हणजे लष्कराच्या जनावरांच्या विभागाच्या केंद्रात, लष्करानं हीच जात ट्रेनिंगला घेतली. शिकतं की! फक्त कारवानी नजरेवर शिकार करणारं कुत्रं आहे, लांब उसाच्या बांधावर काहीतरी हललं की ते आधी पळतं आणि मग विचार करतं. पाचगाव नाहीतर शिंगणापूरकडं शेताला लागून घर असेल आणि कारवानी असेल तर नुसत्या शिकवण्यावर राहू नका, उंच कंपाउंड लागणारच, आणि त्या कंपाउंडला टेकून वाळूचा ढीग, लाकडं, जुना पिंप असलं काही ठेवू नका, त्यावर पाय देऊन ते पलीकडं. जाळी असेल तर खालून उकरतं, तिथं जाळीची खालची कड आतल्या बाजूला वळवून मातीत गाडा आणि वर दगड टाका.

करंटचा पट्टा. जमिनीत वायर गाडायची, पट्ट्यात रिसीव्हर, कुत्रं वायरजवळ गेलं की आधी बीप आणि मग झटका. वेल्समध्ये २०१० पासून असल्या झटक्याच्या पट्ट्यांवर बंदी आहे. दया-माया बाजूला ठेवा हवं तर, तरी गल्लीतली बाकीची कुत्री आत यायची थांबतात का त्यानं? पिसाळलेलं कुत्रं आत आलं तर तुमच्या कुत्र्याला पळायलाही जागा नाही. आणि जोरात कशाच्या मागं लागलेलं कुत्रं झटका सोसून बाहेर जातंच, मग तोच झटका परत खायला लागेल म्हणून आत यायला तयार होत नाही. पैसे देऊन कुत्रं घराबाहेर ठेवायची सोय.

मग करायचं काय? हद्दीवर हातभर अंतरानं काठ्या रोवून रंगीत चिंध्या बांधा. कुत्र्याला दहा मीटरची हलकी नायलॉनची दोरी लावा, गुरांचं दावं नको, जड होतं. त्याला घेऊन आतल्या बाजूनं फिरा, चिंधीजवळ गेलं की नाव घेऊन हाक मारा आणि ते वळलं की लगेच, म्हणजे सेकंदा-दोन सेकंदांत, तोंडात उकडलेल्या चिकनचा बारका तुकडा. बिनमिठाचं, बिनमसाल्याचं. रस्स्यातलं नको, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. एका वेळी पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, बास. ते स्वतःहून चिंधीवरून वळायला लागलं की मग पलीकडं पोरांना चेंडू खेळायला लावा, दूधवाल्याच्या वेळेला करा, मांजर दिसेल तिथं करा, आणि प्रत्येक वेळी दोरी तशीच. गेटचं वेगळं शिकवायचं, गेट उघडलं तरी "चल" म्हटल्याशिवाय उठायचं नाही. याला सात दिवस नाही, महिने लागतात. आणि सकाळ-संध्याकाळ बाहेर भरपूर फिरवून आणा, अंगणातच सडत पडलेलं कुत्रं बाहेर जायची वाट शोधणारच.

एवढं सगळं शिकलेलं कुत्रंही गेट उघडं टाकून तुम्ही दुपारी झोपला तर राहीलच असं नाही. कसबा बावड्यात गाळपाचा हंगाम सुरू झाला की राजाराम साखर कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, त्या रस्त्याला लागून घर असेल तर चिंध्यांच्या भरवशावर कुत्रं मोकळं सोडू नका, कडी लावा. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयापासून, पुढं डॉक्टर सांगतील तसं दरवर्षी. पट्ट्यावर फोन नंबर लिहा. आणि दिवाळीत फटाके नाहीतर मिरवणुकीत डॉल्बी सुरू व्हायच्या आधीच त्याला आतल्या खोलीत घ्या, दार-खिडक्या लावून पंखा सुरू ठेवा, घाबरलेल्या कुत्र्याला ना हद्द दिसते ना हाक ऐकू येते.